दाजींच्या गावात धरण येतंय. उजनीत ज्यांची गावं गेली त्यांनी सांगा, काय करायचं राहून गेलं?

जुळे_सोलापूरकर | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. माझी धाकटी बहीण सह्याद्रीतल्या एका छोट्या गावात दिलीय. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण अजून तापायचंय. तिथे गावाच्या खालच्या अंगाला, जिथे दोन डोंगर जवळ येतात, तिथे धरण बांधायचा घाट आहे. गाव सगळं बुडीतात. मागच्या महिन्यात मोजणीवाले आले, चुन्याच्या रेघा ओढल्या, नंबर टाकलेले दगड रोवले आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही दगड जागेवर नाही. कुणी काढले ते कुणालाच माहीत नाही. फक्त बहिणीच्या सासूबाईंच्या परसात धुणं धुवायला एक चांगला चौकोनी दगड नव्याने आलाय आणि त्याच्यावर लाल रंगात १७ लिहिलेलं आहे.

गावाने समिती केली. घरटी एक माणूस, शंभर रुपये वर्गणी, ग्रामसभेचा ठराव, सगळं झालं. परवा दाजींचा फोन आला, "तुम्ही तर धरणग्रस्त. तुमच्या लोकांनी तेव्हा काय केलं होतं?"

मी गप्प. आमचं गाव करमाळा तालुक्यातलं, भीमेवरच्या उजनी धरणात गेलं. माझा जन्म पाणी भरल्यानंतरचा. आज्जीला विचारलं तर म्हणते, "काय करनार बाबा, पानी आलं, आमी उठलो." वडील म्हणतात, तेव्हा सायबापुढे मान डोलवायचे दिवस होते. म्हणजे खरंच कुणी काही केलं नाही? मुळशीवाले १९२१ साली धरणाविरुद्ध लढतात आणि आमची माणसं त्यानंतर पन्नास वर्षांनी नुसती गाडी जुंपून निघतात?

ज्यांची गावं गेली त्यांनी लिहा. दाजींना काय सांगू?

चादरवाला | रात्री १०:३०

१७ चा फोटो टाक की बे. आणि १६ कुणाच्या परसात आहे ते आधी विचार.

भीमाकाठ | रात्री ११:०५

कुणी काही केलं नाही असं म्हणू नका राव. आमचं पण गाव त्यातच.

आमच्या आज्ज्याने अर्ज केले. मी ते अर्ज बघितलेत, पत्र्याच्या पेटीत होते, निम्मे वाळवीने खाल्ले. "विनंती विशेष", "कृपावंत होऊन", अशी भाषा. माणूस घर जाताना सुद्धा सायबाला कृपावंत म्हणत होता. पण खरी गोम दुसरीच होती. नोटीस गावाला येत नाही, नोटीस माणसाला येते. एकेकाच्या नावाने. ज्याला कर्ज होतं, ज्याच्या पोरीचं लग्न काढलेलं होतं, ज्याची भावाभावांत वाटणी अडकलेली होती, तो आधी जाऊन सही करून आला. मग दुसरा म्हणाला, त्याने घेतले, आपण का थांबायचं. दोन वर्षांत गाव फुटलं, पाणी यायच्या आधीच. पाण्याने नुसतं वरून झाकलं.

तुम्हाला फुटलेली गावं बघायची असतील तर करमाळ्याच्या खाली या. वांगी नंबर एक, वांगी नंबर दोन, वांगी नंबर तीन. केत्तूर एक, केत्तूर दोन. बाहेरच्याला वाटतं शाळेच्या तुकड्या आहेत. एकाच आईची लेकरं आहेत ती.

आम्हाला बदली जमीन लांब लाभक्षेत्रात, म्हणजे धरणाचं पाणी जिथे पोचतं तिथे, दिली होती. तिथल्या लोकांच्या ताब्यातून काढून आम्हाला दिलेली, म्हणजे ते पहिल्या दिवसापासून आमच्यावर डोळे वटारून. विहिरीवर पाणी भरू देईनात. आज्ज्याने तीन वर्षं काढली, मग ती जमीन मिळेल त्या भावाने विकली आणि परत पाण्याच्या कडेला येऊन राहिला. उरलेली दोन एकर होती बुडीताच्या वर. आज तिथे केळी आहे. कंदरची केळी परदेशात जाते ती याच पाण्यावर. म्हणजे बुडवलं पण यानेच आणि जगवलं पण यानेच. आता काय बोलणार.

निवृत्त_कालवेवाला | रविवार, सकाळी ७:४०

मी पाटबंधाऱ्यात तीस वर्षं काढली, त्यामुळे इथे मला शिव्या बसणार हे धरून लिहितो.

उजनीचं काम १९६९ ला सुरू झालं, १९८० ला धरण झालं. एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला उपयुक्त साडेत्रेपन्न, बाकीचा मृतसाठा, म्हणजे दारांच्या खाली राहणारं पाणी. म्हणजे मेलेलं पाणी जिवंत पाण्यापेक्षा जास्त. नदीचं खोरं इथे परातीसारखं सपाट आहे, म्हणून भिंत थोडी उंच केली की पाणी मैलोन्‌मैल पसरतं. पाच तालुक्यांची जमीन त्यात गेली: करमाळा, माढा, इंदापूर, दौंड आणि कर्जत. त्यापायी जुना पुणे-सोलापूर लोहमार्ग सुद्धा हलवावा लागला. डिकसळचा इंग्रजी पूल त्यामुळेच रेल्वेचा रस्त्याचा झाला.

पण हे धरण नसतं तर आज सोलापूर जिल्हा काय असता? डावा-उजवा कालवा, भीमा-सीना बोगदा, शहराला टाकळीहून उचललं जाणारं पाणी, औज बंधाऱ्यापर्यंत नदीत सोडलं जाणारं पाणी. त्याआधी शहराला काय होतं, तर हिप्परग्याचा एकरुख तलाव, तो इंग्रजांनी १८७१ ला पुरा केला. दहा लाखांचं शहर त्यावर जगणार होतं का? कुणाचं तरी गाव जाणार, हे कटू आहे पण खरं आहे.

चादरवाला | सकाळी ७:५२

साहेब, आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं. ते जिवंत की मेलेलं?

भीमाकाठ | सकाळी ८:१५

कुणाचं तरी गाव जाणार म्हणता, ते तरी दर वेळी आमचंच का? डोंगरात पाऊस पडतो म्हणून डोंगरातला उठणार, नदीकाठी पाणी साठतं म्हणून नदीकाठचा उठणार. कारखान्याची मळी साठते तिथून कुणी उठत नाही.

सांगोलेकर | सकाळी ९:२०

मी दुष्काळी माणूस, माझा प्रश्न उलटा आहे. आमच्याकडे पाणी येतच नव्हतं. टँकरच्या मागे हंडा घेऊन पळणारी माझी आई मी बघितलीय. त्यामुळे धरण म्हटलं की वाईट, असं मी डोळे झाकून म्हणणार नाही.

पण आमच्या भागात एक गोष्ट घडली ती इथे सांगायलाच पाहिजे. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा व्हायला लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, आमचे गणपतराव देशमुख. कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना द्या अशी मागणी, पण ती मागताना धरणात उठलेल्या माणसांना बाजूला टाकलं नाही. पाणी सगळ्या घरांना सारखं, ज्याला जमीन नाही त्यालाही, याला समन्यायी वाटप म्हणतात. ज्याचं गाव पाण्याखाली आणि ज्याचं शिवार पाण्यावाचून, ते दोघं एका मांडवात बसले तर मंत्रालयातल्या माणसाला त्यांना एकमेकांवर घालता येत नाही. दाजींना सांगा, खाली ज्या गावांना पाणी मिळणार आहे त्या गावांत आधी जा. तिथली चार माणसं आपल्या बाजूने बोलली तर शंभर मोर्चांचं काम होतं.

आणि धरण आम्ही सुद्धा बांधलंय बरं का. म्हणजे आमच्या शेजारी खानापूर तालुक्यात, येरळेवर, लोकांनी. बळीराजा धरण नाव. त्यात कुणाचं घर गेलं नाही.

मच्छी_फ्राय | सकाळी ९:४५

विषयांतर करतो, माफी. बॅकवॉटरला चिलापी सध्या काय भाव चाललीय? आणि भिगवणला जेवायला चांगलं कुठे?

केत्तूरची_लेक | सकाळी ९:५८

@मच्छी_फ्राय, लोक घर गेल्याचं लिहायलेत आणि तुम्ही रस्सा मागायलाय.

मच्छी_फ्राय | सकाळी १०:०३

ताई, आमचा पण बाप त्यातूनच उठला. जमीन गेली, भूमिहीन झाला, मासेमारीला लागला. चिलापीने आमचं घर चालवलं म्हणून विचारतोय. पूर्वी इथे मरळ, वाम असायची, चिलापीने सगळी खाऊन टाकली. ठेका आमच्या हातात कधी आला नाही, दरवेळी बाहेरचा ठेकेदार. आमच्याच घरावर तरंगायचं आणि मासा धरायला दुसऱ्याला पैसे द्यायचे.

केत्तूरची_लेक | सकाळी १०:२०

चुकलं माझं. लिहा तुम्ही.

मावळची_पाहुणी | दुपारी १२:३०

मूळ धाग्यात मुळशीचं नाव आलंय म्हणून लिहिते. माझं माहेर तिकडचं, सासर सोलापूर.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस, मुळशीत सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीज कंपनीचं धरण. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि शेकडो मावळे, त्यात बायका पण होत्या. "जान किंवा जमीन" ही घोषणा. लोक कामाच्या जागी जाऊन बसायचे, मजुरांना काम करू द्यायचे नाहीत, मार खायचे, तुरुंगात जायचे. १९२४ पर्यंत चाललं. धरण झालंच.

आता जे मोठ्याने सांगितलं जात नाही ते. बऱ्याच जमिनी कसणाऱ्याच्या नावावर नव्हत्याच, पुण्यातल्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. जमीन कसणारा म्हणत होता जीव देऊ पण जमीन देणार नाही, आणि कागदावरचा मालक मोबदल्याचा आकडा काय होतोय ते बघत होता. लढाई तिथे मऊ पडली. म्हणून @जुळे_सोलापूरकर, तुमची माणसं भ्याली आणि आमची शूर होती, असं काही नाही. आमची लढली आणि तरी गेली. तुमच्या दाजींच्या गावात कागदावर कोण आहे आणि नांगर कुणाच्या हातात आहे, ते आधी बघा.

भीमाकाठ | दुपारी १२:५०

हेच मी वर लिहिलं, पण ताईंनी शहाण्या माणसासारखं लिहिलंय.

पूर्व_भागातला | दुपारी १:३५

मी शहरातला, आमचं काही बुडालं नाही. पण २०२१ साली उजनीतलं ५ टीएमसी इंदापूरला द्यायचं निघालं तेव्हा आम्ही इथे किती तापलो होतो ते आठवतंय. आमच्या हक्काचं पाणी, आमच्या हक्काचं पाणी. आदेश रद्द झाला, आम्ही पेढे खाल्ले. तेव्हा एकालाही आठवलं नाही की इंदापूरच्या काठावरची गावं पण याच धरणात गेलीत.

इंदापूरची_सून | दुपारी १:५२

हो, आणि सोलापूरवाल्यांनी आम्हाला पाणीचोर म्हटलं होतं.

चादरवाला | दुपारी १:५५

वहिनी, बारामतीकडे बघून म्हणत होतो, तुम्ही मध्ये आलात.

संपादक_मंडळ | दुपारी २:१०

५ टीएमसीचं भांडण त्याच्या धाग्यावर. तो धागा ६०० प्रतिसादांवर कुलूपबंद केलाय, इथे परत उघडू नका.

इंदापूरची_सून | दुपारी ३:४०

बरं, मूळ प्रश्नावर. माझ्या सासूबाईंचं सांगते.

सासूबाईंचे पहिले यजमान विहिरीत पडून गेले, पदरात दोन मुली. पुनर्वसनाची यादी झाली तेव्हा खातेदार म्हणून दिराचं नाव. मोबदला दिराच्या हातात. त्याने बुलेट घेतली. गावात तीन बुलेट आल्या त्या वर्षी, अजून म्हाताऱ्या बायका "बुडीताचं साल" म्हणत नाहीत, "बुलेटचं साल" म्हणतात. सासूबाईंना नव्या गावठाणात प्लॉट मिळाला नाही कारण त्या "कुटुंबात समाविष्ट". पुढे दुसरं लग्न लावून दिलं म्हणून निभावलं.

तेव्हा दाजींची समिती घरटी एक माणूस अशी आहे ना, तो एक माणूस कोण आहे ते बघा. मला खात्री आहे, सगळे पुरुष. दगड मात्र बायकांनी उपटले.

जुळे_सोलापूरकर | दुपारी ४:०५

@इंदापूरची_सून, आत्ताच विचारलं. एकेचाळीस जण, एक बाई, ती पण सरपंच म्हणून.

काळा_कोट | संध्याकाळी ६:१५

इथे बरेच भावनेचं लिहितायत, मी कागदाचं लिहितो. हा सल्ला नाही, माहिती आहे. आपापला वकील गाठा.

उजनीचं संपादन इंग्रजांच्या १८९४ च्या कायद्याखाली झालं. त्यात पैसे देऊन हात झटकता यायचे. राज्याचा पुनर्वसन कायदा १९७६ चा, मग १९८६ चा, मग १९९९ चा. म्हणजे करमाळ्याची गावं निम्मी उठली तेव्हा पुनर्वसन हा हक्क म्हणून कागदावर नव्हताच. आज केंद्राचा २०१३ चा कायदा आहे, तो १ जानेवारी २०१४ पासून लागू. फरक मोठा आहे.

कलम ११ ची अधिसूचना, म्हणजे जमीन घेणार असं सरकारचं पहिलं जाहीर पत्रक, निघाली की हरकतीला ६० दिवस. हे ६० दिवस म्हणजे सगळं आहे. त्या आधी ग्रामसभेचे कितीही ठराव केले तरी ते चांगलेच, पण हरकत ही प्रत्येक बाधिताने स्वतंत्र, लेखी, पोच घेऊन द्यायची. @भीमाकाठ म्हणाले तसं नोटीस माणसाला येते, मग उत्तरही माणसामाणसाने द्या, फक्त मजकूर सगळ्यांनी मिळून ठरवा. अधिसूचनेनंतर जमिनीची खरेदी-विक्री, बोजा चढवणं बंद होतं, हे पण गावात आत्ताच सांगा, नाहीतर पोरीच्या लग्नाला तुकडा विकायला निघालेला अडकतो.

बाधित कुटुंब म्हणजे फक्त सातबारावाला नाही. कूळ, वाटेकरी, तीन वर्षं तिथे राबणारा शेतमजूर, सगळे येतात. विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेली बाई ही स्वतंत्र कुटुंब धरायची, असं कायद्यातच आहे. इंदापूरच्या वहिनींच्या सासूबाईंना आज तो नियम लागला असता.

सिंचन प्रकल्प असेल तर जमिनीच्या बदल्यात लाभक्षेत्रात किमान एक एकर, शक्य तिथे. जलाशयात मासेमारीचा हक्क देता येतो, @मच्छी_फ्राय. आणि पाणी अडवायच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण झालेलं पाहिजे. हे शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून समितीच्या खोलीत लावा.

एक भ्रम काढून टाका. ७० टक्के, ८० टक्के लोकांची संमती लागते असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ती अट खासगी आणि सरकारी-खासगी भागीदारीतल्या प्रकल्पांना. सरकार स्वतः स्वतःसाठी घेत असेल तर ती लागत नाही.

निवृत्त_कालवेवाला | रात्री ८:३०

सकाळी मी जरा एकांगी लिहिलं. दुपारपासून हे वाचतोय. मी नोकरीत असताना एकदा बुडीताची खूण करायला गेलो होतो, कुठल्या धरणाची ते राहू द्या. एका घराच्या भिंतीवर रेघ ओढायची होती. घरातल्या म्हातारीने विचारलं, "साहेब, पाणी इथवरच येणार ना, मग वरची माळवदाची खोली राहील?" तिला वाटलं रेघेच्या वरचं घर शिल्लक राहतं. मी काही न बोलता रंगाचा डबा घेऊन पुढच्या घराला गेलो. चाळीस वर्षं झाली.

आता कामाचं. समितीने माहितीच्या अधिकारात तीन कागद मागावेत: प्रकल्प अहवाल, पूर्ण संचय पातळीचा (धरण पूर्ण भरल्यावरचा) बुडीत नकाशा आणि पर्यायी जागांचा तपास. तिसरा कागद बहुतेक वेळा एका पानाचा असतो, त्यात "अन्य जागा योग्य नाही" एवढंच. तिथेच भांडायला जागा आहे. सह्याद्रीत घळी अरुंद असतात. उजनीसारखं पसरट नाही, त्यामुळे भिंत चार-पाच मीटर खाली आणली किंवा वरच्या घळीत सरकवली तर साठा थोडा कमी होतो, पण गावठाण बुडीताच्या कडेला असेल तर ते वाचू शकतं. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ओळीने घालून खालच्या गावांची गरज भागते का, तेही मांडावं. आजरा तालुक्यात उचंगीच्या लोकांनी असाच पर्यायी आराखडा तज्ज्ञांना सोबत घेऊन मांडला होता. नुसतं "धरण नको" म्हणणाऱ्याला आमचं खातं आडमुठा म्हणून टाकून देतं. "इतक्या मीटरवर करा" म्हणणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. आकडा घेऊन आलेल्या गावकऱ्याला आम्ही घाबरायचो, खरं सांगतो.

केत्तूरची_लेक | रात्री ८:५५

साहेब, आकडा घेऊन जा म्हणणं सोपं आहे. मीटर कमी करा म्हणत गेलो की आपण धरण मान्य केलं असं होत नाही का? नर्मदेवरच्या सरदार सरोवराविरुद्ध मणिबेलीची माणसं पाण्यात उभी राहिली, ती काय आकडे घेऊन राहिली होती?

निवृत्त_कालवेवाला | रात्री ९:१०

नर्मदेच्या लोकांनी दोन्ही केलं. पाण्यात उभे राहिले आणि आकडेही खोडले. जागतिक बँकेचा अभ्यासगट आला, १९९२ ला त्याचा अहवाल आला, पुढच्या वर्षी बँकेचं कर्ज थांबलं. तरी धरण झालं म्हणाल, झालं. पण तिथे जमिनीच्या बदल्यात जमीन हा विषय जो धरून ठेवला तो त्या लोकांनीच.

सांगोलेकर | रात्री ९:१८

आधी पुनर्वसन, मगच धरण. एवढं धरून बसा, बाकी पुढचं पुढे.

केत्तूरची_लेक | रात्री ९:२५

मला ते पटत नाही. "मगच" म्हटलं की निम्मा गाव पुनर्वसनाच्या प्लॉटची मापं काढायला लागतो. पण असो, माझं गाव नाही ते, त्यांचं त्यांनी ठरवावं.

भीमाकाठ | रात्री १०:४०

एक सांगायचं राहिलं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या घरात गेली होती, म्हणजे उपयुक्त पाणी संपून मृतसाठा पण उपसत आला होता. पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलं, पुण्याची पोरं ड्रोन घेऊन आली, रोहित पक्ष्यांचे फोटो, देवळाचे फोटो, सगळं. आम्ही त्या गर्दीत मोटारी खाली सरकवत होतो. पाईप जोडून जोडून पाणी गाठायचं, चारी खणायची, रात्री वीज येईल तेव्हा धावायचं.

एके दिवशी मी आणि चुलतभाऊ गाळातून चालत आमच्या जुन्या गावठाणात गेलो. गाळ भेगाळलेला, वर शिंपल्यांचा थर, चालताना पापड मोडल्यासारखा आवाज. वाडा कुणाचा, घर कुणाचं, काही कळत नव्हतं, नुसती पायाची दगडं. चुलत्याने फोनवर खुणा सांगितल्या, मारुतीपासून किती पावलं, चिंचेचं बुंध कुठे. घर सापडलं. दारं-चौकटी-तुळया आधीच काढून नेलेल्या, पण जमिनीत पुरलेलं उखळ तसंच. त्यात गाळ भरलेला. हाताने काढला. तळाशी दगड गुळगुळीत, आमच्या आज्जीने कांडून कांडून केलेला. आज्जी तेव्हा होती, फोन लावून दिला. म्हणाली, "उखळ हाय का? मग घर हाय."

परत जून-जुलैत पाणी चढलं.

पूर्व_भागातला | रात्री १०:५५

राव.

जुळे_सोलापूरकर | सोमवार, रात्री ९:३०

सगळ्यांना एकदमच उत्तर देतो. @भीमाकाठ यांचा उखळाचा प्रतिसाद मी आज आज्जीला वाचून दाखवला. ऐकून बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली. मग बोलायला लागली, आणि जे बोलली ते मी बेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

आमचं तीन खणाचं माळवदाचं घर. ज्या दिवशी सोडायचं त्या दिवशी आज्जीची सासू, म्हणजे माझी पणजी, उखळापाशी बसली आणि उठेना. आज्जा, चुलते, सगळ्यांनी समजावलं. ती काही बोलत नव्हती, रडत पण नव्हती. शेवटी तिला तसंच बसू दिलं आणि वरून माळवद उतरवायला सुरुवात केली. आधी माती, मग चिलाट्या, मग तुळया. माती तिच्या डोक्यावर पडत होती. आज्जी मध्ये मध्ये जाऊन पदराने झाडायची. दुपारी तुळया निघाल्या आणि घरात ऊन आलं, त्या जागेवर कधी ऊन आलेलं नव्हतं. तरी बसली. दोन दिवस. शेजारच्या बायका भाकरी आणून देत होत्या, आणि त्यातल्या चौघी-पाचजणी आपापल्या घरात तशाच जाऊन बसल्या. तलाठी आला, बघून गेला. तिसऱ्या दिवशी पणजीला ताप भरला, मग उचलून गाडीत घातलं.

मी विचारलं, मग तू मला "पानी आलं, आमी उठलो" असं का सांगितलंस? तर म्हणते, "आरं, उठलोच की शेवटाला."

हे मी दाजींना फोनवर सांगितलं. त्यांनी बहिणीला सांगितलं, बहिणीने तिच्या सासूबाईंना. आज सकाळी समितीची बैठक झाली, नियम बदलला: घरटी दोन माणसं, एक बाई असलीच पाहिजे. एकेचाळीसची समिती आता ब्याऐंशीची झाली, त्यामुळे पारावर मावत नाहीत, शाळेच्या मैदानावर बसणार आहेत. तीन कागदांचे अर्ज उद्या टाकतायत. काळा कोटसाहेब, हरकतीच्या मसुद्याला तुमचा वेळ मिळेल का, व्यक्तिगत निरोप करतो. आणि बाधितांची संकलन यादी सरकारने करायच्या आधी गावाने स्वतःची करायची ठरवलीय, घरटी, कसणारा वेगळा, मालक वेगळा, विधवा वेगळ्या.

दाजी म्हणतायत, समितीतली वीस-पंचवीस माणसं उजनी बघायला येतो. गावं कुठे वसली ते डोळ्यांनी बघायचंय. पुढच्या रविवारी. कुणी भेटेल का?

चादरवाला | रात्री ९:३८

१६ नंबरचं विचारलंस का?

जुळे_सोलापूरकर | रात्री ९:४१

विचारलं. दाजी म्हणाले, फोनवर नको.

भीमाकाठ | रात्री १०:०२

या की. आमच्याकडेच उतरा. यंदा पाणी बऱ्यापैकी आहे, जुनं गावठाण दिसायचं नाही, पण त्यातली माणसं दिसतील. चार म्हातारे बोलावून ठेवतो. बोटीतून मात्र नेणार नाही. मे २०२४ ला कुगावची बोट बुडून सहा जण गेले, ते विसरलो नाही. गाडीने फिरू. बायका किती आणि माणसं किती तेवढं आधी कळवा, जेवणाचं बघावं लागेल.

मच्छी_फ्राय | रात्री १०:०६

मासे माझ्याकडून. पैसे घेणार नाही. तिकडची माणसं वारकरी असतील तर आधी सांगा.

केत्तूरची_लेक | रात्री १०:१०

पंचवीस माणसांच्या भाकऱ्या एका घरात होत नाहीत. आमच्या घरी दहाजणींच्या टाकते. उरलेल्या?

चादरवाला | रात्री १०:१४

सोलापुरातनं कडक भाकरी आणि शेंगा चटणी आणतो. पन्नास पुरतील का शंभर?